शेवटी पोटातच जायचंय!

मराठी माणसाच्या तोंडात पिढ्यान्‌पिढ्या बसलेली जी काही वाक्यं आहेत, त्यांतल्या एका वाक्यावर माझा फार दिवसांपासून दात आहे. ते वाक्य म्हणजे 'शेवटी सगळं पोटातच जायचंय!' पंगतीत जिलबीच्या पाकाचा ओघळ वाहत वाहत मठ्ठ्याला जाऊन मिळाला, आमटीत कोशिंबीर सांडली, पोळी करपली, शिऱ्याची पेंड झाली, की शेजारच्या पानावरचा कोणी तरी तत्त्वज्ञ हे वाक्य टाकतो आणि आपण ते पाकातल्या मठ्ठ्यासकट मुकाट्याने गिळतो. वेदान्तात जसं सगळं शेवटी ब्रह्मात विलीन होतं, तसं मराठी पाकशास्त्रात सगळं शेवटी पोटात विलीन होतं.

मी बँकेत कारकून आहे. त्यामुळे हा युक्तिवाद मला हिशेबाच्या दृष्टीनेही पटत नाही. सगळे पैसे शेवटी तिजोरीतच जायचे असतात. म्हणून आम्ही तुमचा पगार शेजाऱ्यांच्या कर्जखात्यात जमा केला तर चालेल का तुम्हाला? (नाही चालत. एकदा झालं आहे. चुकून.) पैसा कुठे जातो याइतकंच तो कोणत्या खिडकीतून, कोणत्या स्लिपवर आणि कोणाच्या सहीने जातो याला महत्त्व असतं. त्यावरच तर आमची पोटं चालतात.

हा राग छापील स्वरूपात बाहेर यायला निमित्त झालं एका छापखान्याचं. हा छापखाना कागदावर छापत नाही, ताटलीत छापतो. आणि शाई म्हणून त्यात मटार, गाजर नि चक्क अळंबी घालतात.

पहिल्यांदा हे मला माझ्या मेव्हण्याने सांगितलं. मेव्हणा हिंजवडीला संगणकाच्या कंपनीत आहे आणि कायम भविष्यकाळात राहतो. वर्तमानकाळात तो फक्त रविवारी सकाळी येतो, पोहे खायला.

"भाऊजी, पुढे स्वयंपाकघरात गॅस नसणार. प्रिंटर असणार. थ्रीडी प्रिंटर! बटण दाबलं की जेवण छापून बाहेर!"

"आणि शाई?"

"फूड इंक! खायची शाई. मशरूमचीसुद्धा करतात."

मी पोह्यांचा चमचा खाली ठेवला. शाईशी माझा वीस वर्षांचा संबंध आहे. स्टँपपॅडच्या शाईने आजवर माझे चार सदरे खाल्ले आहेत. पण परतफेड म्हणून मी तिला खावं, हे माझ्या मनात कधी आलं नव्हतं.

त्यातून प्रिंटर! ही जात मी जितकी ओळखतो तितकी ती तयार करणारे कारखानदारही ओळखत नसतील. माझ्या डाव्या हाताला पासबुकं छापायचं यंत्र आहे. सोमवारी ते चालत नाही, कारण रविवारी त्याला सुट्टीची सवय लागलेली असते. मंगळवारी ते चालतं, पण शिलकीचा आकडा खातेदाराच्या फोटोच्या कपाळावर छापतं. बुधवारी दोन ओळी एकमेकींच्या अंगावर छापून जमा आणि नावे यांतलं द्वैत मिटवून टाकतं. आमच्या शाखेत तीन मॅनेजर बदलले, भिंतींचा रंग दोनदा बदलला, पण 'प्रिंटर बंद आहे' ही पाटी तेवढी कायम आहे. अशा यंत्राच्या हाती वरणभात सोपवला तर काय होईल ते मला लख्ख दिसू लागलं. बायको आतून ओरडते आहे, 'आज लिंक नाही, उपाशी झोपा!' वरण भातावर न पडता टेबलाच्या डाव्या कडेला छापलं जातं आहे. पापड अर्धा बाहेर येऊन अडकला आहे आणि मी तो दोन्ही हातांनी ओढतो आहे.

दुसऱ्या दिवशी बँकेत डबा खाताना मी हे सगळं रंगवून सांगितलं. मंडळी पोट धरून हसली. फक्त आमचे हेडकॅशिअर हसले नाहीत. ते डब्याचे चारही मजले एका झाकणात रिकामे करतात आणि भाजी, आमटी, भात, लोणचं आणि सणावाराचं श्रीखंड एकत्र कालवून खातात. शांतपणे एक घास घेऊन ते म्हणाले, "छापा नाही तर कालवा. शेवटी पोटातच जायचंय."

मीही तेव्हा हसलो. हे आधीच नोंदवून ठेवतो, कारण पुढे मी हसणाऱ्यांवर तुटून पडणार आहे, आणि त्या यादीत पहिलं नाव माझं आहे.

आता आत्याची गोष्ट सांगायला हवी.

माझी आत्या आमच्याकडेच असते. मूळची सावंतवाडीकडची. तिच्या दोन गोष्टी नातेवाइकांत प्रसिद्ध आहेत. एक तिचा पितळी सोऱ्या, आणि दुसरी तिची पावसाळ्यातली हुरहुर. तिकडे आणि पलीकडे गोव्यात पाऊस लागला की वाळवीच्या वारुळांवर अळंबी उगवते. गोव्यात वारुळाला रोयण म्हणतात, म्हणून ती रोयणीची अळमी. आत्या अळंबी म्हणत नाही, अळमीच म्हणते. वाळवीची आणि ह्या अळंबीची भागीदारी अशी घट्ट आहे, की वाळवीला वगळून तिची शेती करणं अजून माणसाला साधलेलं नाही. सहकारी चळवळीत इतकी वर्षं टिकलेली भागीदारी माझ्या तरी पाहण्यात नाही. बाजारात निळ्या डबीत मिळणारी ती गुळगुळीत पांढरी मशरूमं आत्याच्या मते 'दिसायला अळमी, चवीला रबर'.

आणि सोऱ्या! दिवाळीच्या आधी आत्या तो घासून ओट्यावर ठेवायची तेव्हा घरात पालखी आल्यासारखं वाटायचं. तिच्या चकलीचा काटा अंगठ्याला टोचायचा. काटा नसलेल्या चकलीला ती चकली म्हणतच नसे. 'कडबोळं झालं' म्हणायची आणि दुसऱ्यांच्या घरी पाठवायची.

दोन वर्षांपूर्वी ज्येष्ठात तिला अर्धांगवायूचा झटका आला. सोऱ्या फिरवणारा उजवा हात गेला. बोलणं जड झालं. आणि गिळणंही गेलं आहे, हे आम्हाला इस्पितळात कळलं.

गिळणं जातं म्हणजे काय, हे गिळता येणाऱ्याला समजत नाही. घशात दोन रस्ते शेजारी शेजारी आहेत, एक अन्नाचा आणि एक श्वासाचा. घास आला की श्वासाच्या रस्त्यावर झाकण पडतं, सगळा घसा वर उचलला जातो, आणि सेकंदभरात माल बरोबर खात्यात जमा होऊन झाकण पुन्हा उघडतं. दिवसभरात आपण हे शेकडो वेळा करतो आणि एकदाही व्हाउचर लिहीत नाही. पक्षाघातात ह्या झाकणाचा रखवालदार डुलक्या घेऊ लागतो. मग घास फुप्फुसाकडे जातो, न्यूमोनिया होतो, आणि माणूस कधी कधी झटक्याने न जाता घासाने जातो. यात सगळ्यांत धोक्याचं असतं ते साधं पाणी. पातळ असल्यामुळे रखवालदार उठायच्या आत ते आत शिरतं. म्हणून पाण्यातही पावडर कालवून ते घट्ट करतात. आयुष्यभर आम्ही 'नुसत्या पाण्यावर राहीन, पण...' अशा प्रतिज्ञा करत आलो. आत्याला नेमकं तेच पाणी बंद झालं.

पहिले काही दिवस नाकातून नळी होती. ती निघाली तेव्हा आम्ही पेढे वाटले आणि घरात लगद्याचं राज्य सुरू झालं. भात मिक्सरमध्ये, वरण मिक्सरमध्ये, दुधी मिक्सरमध्ये. मिक्सर फिरावा म्हणून पाणी घालायचं, पाण्याने पातळ झालं म्हणून पावडर घालायची, आणि शेवटी चार वाट्यांत चार रंग ठेवायचे. पांढरा, पिवळा, हिरवा आणि एक असा रंग, ज्याला रंगाऱ्यांच्या तक्त्यातही नाव नाही. चव चारही वाट्यांना एकच. मी एकदा चाखून पाहिला. बँकेतल्या डिंकाच्या बाटलीची मला तीव्रतेने आठवण झाली.

आत्या तीन चमचे घेई आणि ओठ मिटून घेई. वजन उतरू लागलं. भेटायला येणारे एकूण एक नातेवाईक खाटेच्या पायथ्याशी उभे राहून एकच वाक्य म्हणत. कोणतं ते तुम्हाला ठाऊक आहे. आणि एके दिवशी, तिसऱ्या चमच्यानंतर, बँकेत जायला उशीर होत असताना, मीही म्हणालो. मी, ज्याचा ह्या वाक्यावर जन्माचा दात! म्हणालो, "आत्या, घे गं. शेवटी पोटातच जायचंय."

आत्याने माझ्याकडे पाहिलं. तिला एक एक अक्षर जुळवावं लागायचं. ती म्हणाली, "मग नळीनेच घाल."

त्या दिवशी मी कॅशमध्ये दोनदा चुकलो.

रात्री मेव्हण्याला फोन केला. "तुझं ते जेवण छापायचं यंत्र कोणासाठी आहे रे?" म्हणून विचारलं. त्याला वाटलं, मला एजन्सी घ्यायची आहे. त्याने ढीगभर कागद पाठवले. मी बी.कॉम. असलो तरी ऑडिटचे कागद वाचून वाचून मला न समजणाऱ्या गोष्टी चिकाटीने वाचायची सवय आहे. त्या वाचल्या आणि माझंच हसू मला घशात अडकलं.

पहिली गोष्ट कळली ती ही, की ह्या यंत्रात आत्याला नवं वाटेल असं फारसं काही नाही. एक नळकांडं, त्यात भरलेला लगदा, वरून दाबणारा दट्ट्या आणि खाली भोक. ह्याला आपल्याकडे सोऱ्या म्हणतात. फरक एवढाच, की हा सोऱ्या संगणक फिरवतो, आणि चकलीवर चकली असे थरावर थर देत तो वर चढतो. शाई म्हणजे भाजणी. ती सैल पडली तर चकली बसकण मारते, घट्ट झाली तर तुकडे पडतात. शास्त्रज्ञांना शाई अशी लागते, की दाब आला की पातळ होऊन मुकाट बाहेर यावी आणि दाब गेला की पुन्हा ताठ उभी राहावी. हे वाचून मला हसू आलं, कारण वरच्या ऑफिसचा फोन आल्यावर आणि तो ठेवल्यावर आमचे मॅनेजर अगदी असेच वागतात.

२०२१ साली सिंगापूरच्या संशोधकांनी तिथल्या एका रुग्णालयाच्या साथीने ताज्या आणि गोठवलेल्या भाज्यांच्या अशा शाया केल्या, त्या गिळता न येणाऱ्यांसाठीच. त्यांना भाज्यांचे तीन वर्ग आढळले आणि ते मला तात्काळ समजले, कारण कर्जदारांचेही तेच तीन वर्ग असतात. मटारात पिठूळपणा भरपूर. तो बिनजामीनदार उभा राहतो. गाजराला घट्ट करणारा एक पदार्थ, म्हणजे एक जामीनदार लागतो. बोकचॉय नावाची जी पाणचट पालेभाजी आहे, तिला दोन. हे जामीनदारही नमुनेदार असतात. झँथन गम नावाचा डिंक ज्या जिवाणूपासून काढतात, तो मुळात कोबी सडवणारा. कॅराजीनन येतं समुद्रातल्या तांबड्या शेवाळापासून. जामीनदाराचं पूर्वचरित्र फार खणू नये हा बँकेचा नियम इथेही लागू आहे.

अळंबीचं काम आणखी अवघड. तिच्या पेशींच्या भिंतीत कायटिन असतं. कोळंबीच्या कवचात असतं तेच. म्हणून बटाटा उकळला की शरण येतो आणि अळंबी तासभर उकळली तरी दाताखाली 'मी अजून आहे' म्हणते. गिळता न येणाऱ्या माणसाला तिचा तुकडा म्हणजे गळ्याला फासच. ह्या अळंबीवर तंजावरच्या अन्नप्रक्रिया संस्थेत काम झालं, आपल्याच देशात. तिथल्या संशोधकांनी २०२० साली बटन मशरूमची पूड यंत्रात घातली. नुसती पूड काही छापली जाईना. मग गव्हाचं पीठ मिसळून त्यांनी तंतुमय खाऊ छापला. पुढे चिनी संशोधकांनी २०२१ साली शिताके नावाची अळंबी आणि २०२२ साली काळी अळंबी निरनिराळे डिंक घालून छापली, आणि ती खास गिळता न येणाऱ्यांसाठी. काळ्या अळंबीला इंग्रजीत 'ब्लॅक फंगस' म्हणतात. मी बँकेत हा शब्द उच्चारताच तीन जणांनी आपले डबे मागे ओढले. २०२१ च्या करोनानंतर ज्याने आपल्याकडे माणसांचे डोळे नि जबडे नेले, तो म्यूकरमायकोसिस निराळा. ही बिचारी लाकडावर उगवणारी, कानाच्या पाळीसारखी दिसणारी, चिनी सूपमध्ये पोहणारी. पण नावाचा घोटाळा झाला की खातं गोठतंच. त्याला कोण काय करणार?

तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप करून अळंबीच कशाला? तर चवीसाठी. आंबट, गोड, खारट, कडू यांपलीकडची जी भरघोस चव आहे, तिचा मूळ पदार्थ टोकियोच्या किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञांनी १९०८ साली समुद्री शेवाळाच्या सारातून वेगळा काढला आणि तिला 'उमामी' नाव दिलं. अळंबीत तो पदार्थ मूळचाच असतो, आणि वाळवलेल्या शिताकेत त्या चवीला पाठीमागून ढकलणारा दुसराही एक असतो. मिक्सरमध्ये पाणी ओतून ओतून ज्याची चव आपण घालवून बसलो, त्या लगद्याला अळंबीइतका चांगला मित्र नाही. आत्याला चव कळत होती. तिची जीभ गेलेली नव्हती, फक्त रखवालदार गेला होता. आम्ही मात्र जिभेचंही खातं बंद करून टाकलं होतं.

आता मला भांडू द्या.

मेव्हण्याच्या कागदांत सगळ्यांत वर काय होतं? २०१३ साली अमेरिकेच्या 'नासा'ने टेक्सासमधल्या एका कंपनीला सव्वा लाख डॉलर दिले, लांबच्या अंतराळप्रवासात अन्न छापता येईल का ते पाहायला. आणि जगभर बोभाटा झाला तो पिझ्झा छापण्याचा! २०१६ साली लंडनमध्ये काही दिवसांपुरतं एक उपाहारगृह निघालं, तिथे जेवण छापलेलं, काटेचमचे छापलेले, खुर्च्या आणि टेबलंही छापलेली. धडधाकट, बत्तीस दातांची, पोळीचा तुकडा मोडून भाजी उचलता येणारी माणसं पैसे मोजून छापील घास खायला गेली. आणि ह्याच्या आधी, २०१२ ते २०१५ या काळात, युरोपात एक मोठा प्रकल्प झाला. म्हाताऱ्या माणसांना चावता-गिळता येत नाही, तर मऊ लगदाच पुन्हा मूळ पदार्थाच्या आकारात छापून द्यावा, एवढीच त्याची धडपड. ती बातमी पोह्यांबरोबर आमच्यापर्यंत आली नाही. पिझ्झाची आली.

म्हणजे ज्यांना गरज नाही त्यांच्यासाठी हे यंत्र चमत्कार, आणि ज्यांना गरज आहे त्यांच्यासाठी थट्टा! आमच्या डब्याच्या टेबलावर मी केली तीच. 'जेवणाला कशाला हवाय आकार?' असं जो म्हणतो, त्याने आठवडाभर चार वाट्यांतला लगदा खाऊन दाखवावा. पहिल्या दिवशी त्याला गंमत वाटेल. तिसऱ्या दिवशी तो भिंतीकडे तोंड करून झोपेल. आमच्या हेडकॅशिअरांनाही मी हे आव्हान दिलं. ते म्हणाले, "मी तर रोजच कालवून खातो." मी म्हटलं, "साहेब, तुम्ही आपल्या हाताने कालवता. कालवायच्या आधी चारी मजले डोळ्यांनी बघता. श्रीखंड कोणत्या घासात येणार ते तुम्ही ठरवता. आत्याला दुसऱ्याने कालवून दिलेलं खावं लागतं." ते बराच वेळ झाकणाकडे बघत राहिले.

आणि आकाराची मातब्बरी आपण कोणाला सांगतो आहोत? मोदकाला कळ्या लागतात. करंजीला कातण लागते. अनारशाला जाळी पडली नाही तर घरातल्या बाया दिवसभर एकमेकींशी बोलत नाहीत. नैवेद्याचं पान डावं-उजवं चुकलं तर ते पुन्हा वाढतात. देव त्यातलं शितही खात नाही हे सगळ्यांना ठाऊक असूनही! जो खात नाही त्याच्यापुढे एकवीस कळ्यांचा मोदक, आणि ज्याने खाल्लं नाही तर मरेल त्याच्यापुढे वाटीत गिलावा. हा आपला हिशेब. ह्यावर कुठलाही ऑडिटर शेरा मारील.

मात्र यंत्राची भाटगिरी मी करणार नाही. वीस वर्षं पासबुक प्रिंटरशी संसार केलेला माणूस असल्या भूलथापांना भुलत नाही. हे यंत्र हळू आहे. एका ताटलीला कितीतरी मिनिटं घेतं. शाईत गाठ राहिली की भोक तुंबतं. ते चालवायला माणूस लागतो, दुरुस्त करायला त्याहून शहाणा माणूस लागतो, आणि तो शहाणा माणूस, माझा अनुभव असा आहे, की गुरुवारी येतो म्हणून सांगून येत नाही. तालुक्याच्या इस्पितळात ते कधी पोहोचेल ते पोहोचो. पण ते पोहोचेपर्यंत थांबायचं कारण काय? परदेशांतल्या वृद्धाश्रमांत सिलिकॉनच्या साच्यात गाजराचा लगदा घालून त्याचं पुन्हा गाजर करतात. साचे! मोदकाचे साचे माळ्यावर टाकून ठेवणाऱ्या आम्ही लोकांनी, यंत्र परवडत नाही म्हणून रडायचं?

हे सगळं मी बायकोला ऐकवलं. ती भाजी निवडत होती. ती म्हणाली, "भाषण झालं असेल तर माळ्यावर चढा आणि सोऱ्या काढा."

पण आधी आम्ही थेरपिस्ट बाईंना विचारलं. (ह्या बाई बोलायला शिकवतात एवढंच मला ठाऊक होतं, गिळायलाही त्याच शिकवतात.) बाईंनी सांगितलं की जगभर आता पेयं आणि पदार्थ यांच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत, शून्यापासून सातपर्यंत, आणि आत्या चौथ्या पायरीवर आहे. आकार हवा तो द्या, पण कसोटी चुकवू नका. चमचा तिरका केला की गोळा सबंध खाली पडला पाहिजे, चिकटून राहता कामा नये. काट्यावर घेतला तर दातांमधून ठिबकता कामा नये. गाठ नको, कण नको, पाणी सुटायला नको. मी हे सगळं कॅशबुकाच्या मागे लिहून घेतलं. इतक्या कडक अटी आम्ही गृहकर्जालाही घालत नाही.

आषाढातला रविवार होता. निळ्या डबीतली मशरूमं बायकोने ओल्या खोबऱ्यावर शिजवली, वाटली, पुन्हा वाटली, बारीक चाळणीतून दोनदा गाळली, आणि पाण्याऐवजी त्यांच्याच शिजलेल्या रसात बाईंनी दिलेली पावडर कालवली. चमचा तिरका करण्याचं खातं माझ्याकडे होतं. पाच वेळा नापास झालो. सहाव्या वेळी गोळा सुटून पडला, माझ्या पायावर. सातव्या वेळी ताटलीत पडला. मग सोऱ्यात भरून मी सोऱ्या फिरवला. भाजणी घट्ट असते, हा लगदा मवाळ. हात जरा जोरात फिरला की वेटोळं फुगे, थांबला की तुटे. अखेर पांढऱ्या ताटलीत करड्या रंगाची, किंचित हेलकावणारी, साडेतीन वेढ्यांची एक वस्तू तयार झाली. मेव्हणा पोह्यांना आला होता. तो फोटो काढायला लागला, तेव्हा बायकोने त्याला गॅलरीत पाठवलं.

आत्याला टेकून बसवलं. ताटली समोर धरली. तिने आधी वास घेतला. मग डावा हात उचलून बोट ताटलीच्या कडेला टेकवलं.

"अळमी?"

"हो आत्या," बायको म्हणाली. "रोयणीची नाही, डबीतली आहे. पण खोबरं ताजं आहे."

आत्या वेटोळ्याकडे बघत राहिली. डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. सोऱ्याची चांदणीची चकती लावूनही त्या मऊ लगद्यावर रेघा उमटल्या होत्या तेवढ्याच.

"काटा... नाही," ती म्हणाली.

"नाही आला, आत्या," मी म्हटलं.

बायकोने बाहेरच्या टोकापासून पहिला चमचा घेतला. बाईंनी शिकवलं होतं तसं आत्याने हनुवटी खाली केली आणि गिळलं. दुसरा चमचा. तिसरा. तिसऱ्यानंतर ओठ मिटायचे म्हणून बायको थांबली. आत्याने ताटलीकडे बोट दाखवलं. मधल्या टिंबापर्यंत सगळे वेढे संपले तेव्हा अर्धा तास झाला होता आणि माझा चहा गार झाला होता.

मग तिने माझ्याकडे पाहिलं. अक्षरं जुळवायला तिला वेळ लागला.

"सोऱ्या... कोणी फिरवला?"

"मी."

"वाटलंच," आत्या म्हणाली. "उद्या... हात एकसारखा फिरव."